मोरपंखी शिंतोडे

“ऐन उन्हाळ्यात एवढा चिखल कुठनं आणला, नाना?” मी विचारलं.

शहाजीनानाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीची किल्ली त्याने माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवली आणि उत्तरही त्यालाच दिलं. “कालव्याच्या कडंनं आलो. पाणी सुटलंय तिकडं.”

कालव्याला पाणी सुटायला अजून बराच अवकाश होता, हे आमच्या करंजेवाडीतल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. पण आमचं वॉशिंग सेंटर ज्या जागेवर उभं होतं ती जागा नानाची होती, नुसत्या शब्दावर दिलेली. त्यामुळे नाना म्हणाला कालव्याला पाणी, तर कालव्याला पाणी.

“नुसती धुवायची न्हाई, पोपट,” नाना म्हणाला. पोपट म्हणजे माझा नवरा. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण ‘हे’ आणि ‘ते’ करत बसले तर कोण बोलतंय ते तुम्हालाच कळायचं नाही, म्हणून घेते. “बाजारगावात एका बिल्डिंगीचं रंगकाम चाललं हुतं. तिथं गाडी लावली आणि शिंतोडं उडालं. तेवढं समदं काढ. शेडात घे आणि पडदा वढ. दुपारच्या आत गाडी घरला पोच झाली पायजे.”

मग पहिल्यांदाच त्याने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. “आणि हिच्या तोंडाला कुलूप हाय न्हवं?”

पोपट हसला. “तिला काय कळतंय, नाना. ती बरी आणि तिचं फडकं बरं.”

पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून नाना गेला. इंजिनचं काम पोपट बघायचा आणि गाड्या धुण्या-पुसण्याचं मी, अशी आमची वाटणी होती. मी पंप चालू केला आणि पाण्याचा फवारा बोनेटवर धरला.

चिखल भसाभसा वाहून गेला. आतून पांढरी गाडी बाहेर आली, पण ती काही पांढरी नव्हती. बोनेटवर, टपावर, डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर बारीक बारीक ठिपके होते, खसखस सांडावी तसे. मी पाणी बंद केलं. ओल्या बोनेटवरून तळहात फिरवला. खरखर लागली. वाकून जवळून बघितलं.

ठिपके मोरपंखी रंगाचे होते.

आमच्या गावात मोरपंखी रंगाचं एकही घर नव्हतं. मोरपंखी होते ते फक्त भिंतींवरचे चट्टे, आणि तेही दोनच दिवसांपूर्वी उमटलेले.

ते चट्टे कसे आले ते सांगायला हवं. गावातलं देशी दारूचं दुकान नानाचं होतं, चांगलं परवान्याचं. आता कायद्यात अशी सोय आहे की बायकांनी सह्या करून मागणी केली तर गावात मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभीवर शिक्का मारला की दुकान चालू, आडवीवर मारला की बंद. गावातल्या शेवंताकाकूने काठी टेकत दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या आणि मतदान परवावर आलं होतं. गोम अशी की नुसत्या पडलेल्या मतांवर निकाल लागत नाही. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी बाई घरी बसली, ती आपोआप नानाच्या पारड्यात गेली. म्हणून बायकांना घराबाहेर काढण्यासाठी काकूने शक्कल लढवली. ज्या घराला दुकान बंद व्हायला हवंय त्या घरच्या बाईने आपल्या हाताने भिंतीवर गेरूने आडवी बाटली काढायची.

माझ्या थोरल्या जावेने, कमलने, सुद्धा काढली. कमलने जन्मात कधी रांगोळीपलीकडे काही काढलं नव्हतं. तिच्या बाटलीची मान एवढी लांब झाली की बायका म्हणाल्या, “अगं, ही बाटली हाय का बगळा?” कमल पदर तोंडाला लावून हसली. माझा थोरला दीर रोज त्या दुकानातून कसा घरी यायचा आणि आल्यावर काय करायचा, ते मी पलीकडच्या भिंतीतून ऐकलेलं होतं. कमलला असं हसताना मात्र मी फार वर्षांनी बघितलं. आमच्या सेंटरच्या भिंतीवर बाटली नव्हती. पोपट म्हणाला होता, जागा नानाची आहे, भिंतीला हात लावायचा नाही.

मग शेजारच्या वाडीची जत्रा आली. दुपारी कुस्त्यांना सगळा गाव तिकडे लोटला आणि परत येऊन बघतो तो भिंतींवरच्या सगळ्या बाटल्यांवर मोरपंखी रंग फवारलेला. गावात मागे राहिली होती ती एकटी शेवंताकाकू, पाय अधू म्हणून. नानाने दुसऱ्या दिवशी चावडीवर तेवढंच धरलं. म्हणाला, “बायकांनीच आपल्या भिंती रंगवल्या, मतांसाठी रडगाणं करायला. मी बिरोबाचा भंडारा उचलतो. मी न्हाई आणि माझ्या माणसानं न्हाई.”

आमच्या गावात भंडारा उचलला की विषय संपतो. कोर्टाच्या निकालावर अपील असतं, भंडाऱ्यावर नसतं. बिरोबापुढे हळदीच्या ताटात हात घालून माणूस बोलला की ते खरं, कारण खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो असं सगळे मानतात. नाना मानत असावा असं मला वाटत नाही. पण गाव मानायचा, आणि नानाला तेवढं पुरेसं होतं. गाडी धुवायला आली त्याच दिवशी दुपारी तो भंडारा उचलणार होता.

आणि त्याची गाडी माझ्यासमोर उभी होती.

“अहो, इकडं या,” मी पोपटला हाक मारली. “हा रंग बघा.”

“दिसतोय मला. मी काय आंधळा हाय?” तो हळू आवाजात म्हणाला. म्हणजे त्याला आधीच कळलं होतं. “रंग फवारायचा कॉम्प्रेसर ह्याच गाडीतनं नेला असणार. दुपारचं वारं. निम्मा रंग भिंतीवर आणि निम्मा गाडीवर. शहाणी माणसं गाडी लांब लावत्यात.”

“मग?”

“मग काय? बघून न बघितल्यागत कर. काढ ते ठिपकं आणि मोकळी हो.” त्याने कपाटातून डबी काढून माझ्यापुढे ठेवली. “थिनर लावू नको. नानानं कोपऱ्यात लावून बघितलंय, मूळचा रंग उठलाय तिथला.”

डबीत मातीचा गोळा होता. माती म्हणजे रबरासारखी, कोल्हापूरहून मागवलेली. गाडीवर साबणाचं पाणी ओतायचं, गोळ्याची चपटी चकती करायची आणि हलक्या हाताने पुढे-मागे फिरवत राहायची. जोर करायचा नाही. सुरुवातीला खरखर लागते, मग हाताखाली हळूहळू काच तयार होते. चकती मळली की घडी घालून आतली बाजू वर काढायची, आणि हातातून निसटून खाली पडली तर सरळ फेकून द्यायची, कारण एक खडा चिकटला तरी गाडीवर ओरखडा उठतो. हे काम मला आवडायचं. त्या दिवशी मात्र चकती फिरवताना मला कसंतरीच होत होतं. बोनेटचा एक कोपरा पांढराशुभ्र झाला आणि माझ्या मुठीतला गोळा मोरपंखी झाला.

तेवढ्यात पडद्याबाहेरून आवाज आला. “मालन, पाणी दे गं तांब्याभर.”

शेवंताकाकू. मी पटकन बाहेर आले आणि पडदा मागे ओढून घेतला. हात पाठीमागे धरला. पोपटने पाणी आणून दिलं आणि तो काकूच्या आणि पडद्याच्या मध्ये उभा राहिला.

काकू पाणी प्यायली. काठी टेकून जराशी उभी राहिली. “समद्या घरांस्नी जाऊन आले,” ती म्हणाली. “कोण दार उघडंना. तुझी जाऊ दारातच म्हणाली, नानानं भंडारा उचलला तर मी मताला येणार न्हाई, लबाड बाईच्या मागं कोण जाणार? कमल म्हणाली असं. मी तिच्या हातात गेरूचा डबा दिला हुता गं.”

“काकू, तुम्ही भंडारा उचला की मग,” मी म्हणाले.

“मी बी उचलते म्हणाले. तर पंच म्हणत्यात, बाईमाणसानं उचलायची रीत न्हाई.” तिने तांब्या पोपटच्या हातात दिला. “तुझ्यावर माझा राग न्हाई, मालन. तुझी अडचण मला ठावं हाय. जाते.”

ती लंगडत रस्त्याला लागली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. बाईने भंडारा उचलायचा नाही. बाईने भिंतीवर चित्र काढलं की ते पुसायचं, आणि पुसल्याचा आळही तिच्यावरच घालायचा. वर तो रंग धुवायला पुन्हा बाईच, आणि तिच्या तोंडाला कुलूप आहे की नाही तेवढं विचारून घ्यायचं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की कानशिलं तापली.

मी आत गेले. हातातली चकती डबीत टाकली, डबी साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकली, बादली डिकीत ठेवली.

“काय करतीस?” पोपटने विचारलं.

“किल्ली द्या.”

“कशाला?”

“गाडी पोच करायचीय ना? मी करते.”

तो माझ्याकडे बघत राहिला, मग गाडीपुढे येऊन उभा राहिला. “मालन, काम अजून झालं न्हाई.”

“म्हणूनच आत्ता न्यायची.”

“जागा जाईल.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे म्हणं! खाणार काय?”

“पाणी आणि फडकं कुठंबी मिळतं. लोकांच्या गाड्या मळायच्या थांबत न्हाईत.”

“नाना सोडायचा न्हाई तुला.”

“सोडायला त्यानं मला धरलंय कुठं?” माझा आवाज एवढा चढला की मलाच नवल वाटलं. “तुम्ही म्हणाला, तिला काय कळतंय. मला समदं कळतंय. कमलताईंच्या भिंतीवरचा रंग माझ्या हाताला लागलाय, त्यो मी गुपचूप धुऊन टाकू? न्हाई जमायचं. तुम्हाला भ्या वाटत असंल तर सांगा, बायकोनं ऐकलं न्हाई, पळवून नेली गाडी.”

पोपट वाईट माणूस नव्हता, नुसता वाकलेला होता, आणि वाकलेल्या माणसाला सरळ व्हायला वेळ लागतो. त्याने खिशातून किल्ली काढली, माझ्याकडे न बघता ती टपावर ठेवली आणि बाजूला झाला. मी आत बसले, गाडी चालू केली, क्लच सोडला. गाडी गुरगुरली आणि जागची हलेना.

“हँडब्रेक काढ आधी,” पोपट म्हणाला आणि त्याने पडदा बाजूला केला.

गाड्या मी रॅम्पवर चढवायची आणि उतरवायची तेवढंच. रस्त्यावर कधी चालवली नव्हती. पहिल्या गिअरच्या पुढे जायचं धाडस झालं नाही. पण मला घाई नव्हतीच. गावातून जायला दोन वाटा होत्या, मी भिंतींची वाट धरली. त्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांवर मोरपंखी चट्टे, आणि मधून मोरपंखी ठिपक्यांची गाडी, बैलगाडीच्या चालीने. दारातल्या बाया आधी मला बघून हसल्या, मालन गाडी चालवते म्हणून. मग त्यांची नजर दारांवर गेली. हसू थांबलं. आरशात बघितलं तर एकेक जण चपला पायात सरकवत मागे यायला लागली होती.

बिरोबाच्या देवळापुढे बराच गाव जमला होता. पायरीवर पुजारी भंडाऱ्याचं ताट घेऊन उभा, समोर नाना अनवाणी, डोक्याला टॉवेल बांधलेला. बाजूला पंच. शेवंताकाकू एकटी खांबाला टेकून उभी होती. कमल बायकांच्या घोळक्यात मागे होती.

नानाने हात पुढे केला होता. “मी किंवा माझ्या माणसानं भिंतींला हात लावला असंल—”

गाडी थांबवताना माझं कोपर हॉर्नला लागलं. तसा बेत नव्हता, पण हॉर्न असा काही वाजला की पुजाऱ्याच्या हातातलं ताट हिंदकळलं. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मी खाली उतरले. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हात कोपरापर्यंत साबणाचे.

“गाडी आणली, नाना,” मी म्हणाले.

नानाचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. “हितं कशाला आणलीस? घरी न्यायची हुती. पोपट कुठाय?”

“तुम्ही लवकर मागितली हुती. म्हटलं, उशीर नको. थोडं शिंतोडं राहिल्यात अजून. तुम्ही चालू द्या तुमचं, भंडारा उचला.”

मग घोळक्यातून कमल पुढे आली. तिने कोणाला काही विचारलं नाही. बोनेटजवळ येऊन वाकून बघितलं, दारावर बोट फिरवलं, पुन्हा बघितलं. ती आयुष्यात कधी चारचौघांत बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

“ह्यो तर माझ्या भिंतीचा रंग हाय.”

“बाजारगावात बिल्डिंग रंगवत हुते, तिथं—” नाना म्हणायला लागला.

“बिल्डिंग मोरपंखी?” काकूने खांबापासून विचारलं.

कोणीतरी खुदकन हसलं. पंचांपैकी एकाने जवळ येऊन नखाने ठिपका खरवडून बघितला आणि नख धोतराला पुसलं. पुजारी म्हातारा होता आणि त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की ताट हातात जड झालंय.

“नाना,” तो म्हणाला, “उचलताय न्हवं?”

नानाने ताटाकडे बघितलं. हात पुढे आला, हळदीच्या वर थोडा थांबला, आणि मागे गेला. “असल्या बायकांच्या तमाशात मी देवाला वढणार न्हाई,” तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “किल्ली दे.”

“देते की. पण घेतलेलं काम अर्धं ठेवून गाडी द्यायची आमच्यात पद्धत न्हाई.” मी डिकी उघडून बादली बाहेर काढली. “तुम्ही म्हणाला हुता, समदं काढ. काढते. पण पडद्याच्या आत न्हाई. हितंच, समद्यांम्होरं.”

“राहू दे ते. किल्ली दे म्हणतो ना!”

“कुलूप हाय न्हवं तोंडाला,” मी म्हणाले. “मला ऐकू येत न्हाई.”

आणि मी बोनेटवर पाणी ओतलं.

नाना दातओठ खात जरासा उभा राहिला. आपल्याच गाडीवरचा आपलाच रंग अख्ख्या गावादेखत निघताना बघत उभं राहणं काही सोपं नसतं. मग पुतण्याने मोटारसायकल आणली. नाना मागे बसला आणि चपला देवळापुढे तशाच टाकून निघून गेला.

पुढचं सांगून टाकते. आठवड्याच्या आत आमची जागा गेली. शेडचे पत्रे आम्ही दोघांनी उतरवले आणि हमरस्त्याला एका चिंचेखाली पंप मांडला. पहिलं वर्ष फार ओढाताणीचं गेलं. पोपटने त्या दिवसाबद्दल मला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट गिऱ्हाइकांना तोच सांगायचा, आमच्या मालनने गाडी पहिल्या गिअरमध्ये नेली आणि दारूचं दुकान उडवलं. दुकान एकटीने उडवलं नव्हतं मी. मतदानाला बायांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर आली होती. बाटली आडवी झाली आणि आजतागायत आडवीच आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी निकाल अजून लागायचा होता, जागा जायची होती, आणि मी देवळापुढे एकटी गाडी घासत होते. बाया भोवती उभ्या राहून बघत होत्या. काकू खांबापासून हलली नव्हती, तिच्याकडे बघायची सगळ्यांनाच लाज वाटत होती.

मग कमलने देवळाच्या नळावरून घागर भरून आणली आणि दारावर ओतली. माझ्याकडे हात पुढे केला. “आण इकडं त्यो गोळा. तू थकलीस.”

“ताई, हलक्या हातानं हं. जोर करायचा न्हाई.”

“मला नको शिकवू.” ती घासायला लागली. बराच वेळ घासत राहिली. हाताखालचा पत्रा पांढरा होत गेला. तिने चकतीची घडी घातली, उलटी केली, पुन्हा फिरवली. मग मान वर न करताच मोठ्याने म्हणाली, खांबापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, “काकू, परवा मताला निघालीस की मला हाक मार. मी तयार असंन.”